घुमटाला सॅक्सोफोन का चालू नये?

एका नकारपत्राची ही गोष्ट आहे, आणि ते पत्र मीच लिहिले होते. म्हणून या लेखात मी जे काही कडवट लिहीन, त्यातला पहिला वाटा माझ्या पदरात घालूनच वाचकांनी पुढे जावे.

आठेक वर्षांपूर्वीची हकीकत. पेडणे महालातल्या आमच्या गावी उत्सव समितीकडे चौघांचा एक अर्ज आला. एक डिचोलीकडचा घुमटवाला, एक बार्देशातला सॅक्सोफोन वाजवणारा ख्रिश्चन तरुण, एक गिटारवाला आणि एक मुलगी. ही मुलगी आजीकडून शिकलेली धालोगीते गात असे. धालो, फाग आणि अमेरिकेतल्या निग्रो लोकांचे ब्लूज यांची सांगड घालून आम्ही एक प्रकारचे जॅझ वाजवतो, असे त्यांनी लिहिले होते. मानधन नको, मोठे ध्वनिक्षेपक नकोत. शेवटच्या रात्री नाटकाच्या आधी फक्त एक तास द्या, एवढेच मागणे होते.

समितीची बैठक बसली. चर्चा दहा मिनिटेही चालली नाही. एकजण म्हणाला, “हे हॉटेलातले संगीत.” दुसरा म्हणाला, “ते आपले नव्हे, पलीकडच्यांचे.” तिसरा जरा शिकलेला. तो म्हणाला, “लोककलेत असली भेसळ करू नये.” मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. “मास्तर, तुमचे अक्षर चांगले, भाषा चांगली. तुम्हीच लिहा.” मी लिहिले. “आपला कार्यक्रम आमच्या उत्सवाच्या परंपरेशी सुसंगत नसल्याने समिती दिलगीर आहे.” छत्तीस वर्षे मुलांना शुद्धलेखन शिकवले, त्या पत्रात एकही चूक नव्हती. चूक होती ती पत्रातच होती.

त्या तीन आक्षेपांना तेव्हा मी उत्तर दिले नाही. आज देतो. कारण हे आक्षेप आमच्या गावापुरते नाहीत. डिचोलीत, सावंतवाडीत, बेळगावात, कारवारात, जिथे जिथे मराठी कुटुंबे दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहतात, तिथे ते ऐकू येतात.

पहिला आक्षेप: हे हॉटेलातले संगीत. खरे आहे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी हा निग्रो वादक आपला संच घेऊन आला. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्डसारखे पियानोवादक आले, आणि त्यांच्या शेजारी बसून आमच्या गोव्याच्या पोरांनी जॅझ उचलले. पण हॉटेलात वाजले म्हणून जे संगीत बाटते, ते मग कोठीवर गाइले गेले म्हणून का बाटत नाही? केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ही नावे आज आपण छाती फुगवून घेतो. केसरबाई फोंडा महालातल्या केरीच्या, मोगूबाई सांगे महालातल्या कुर्डीच्या. दोघीही कलावंत समाजातून आल्या. या समाजाच्या बायकांकडे त्या काळातली सोवळी गोमंतकीय घरे कोणत्या नजरेने पाहत होती, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. गाणे हवे होते, गाणारी माजघरात नको होती. पुढे १९६९ साली केसरबाईंना पद्मभूषण मिळाले आणि आमचे सोवळे आपोआप सैल झाले. सांगायचे ते हे की कुठले संगीत प्रतिष्ठित हे आपण कानांनी ठरवत नाही. कुणीतरी दुसऱ्याने शिक्का मारला की आपण टाळी वाजवतो.

आणि शिक्क्याचीच गोष्ट निघाली आहे, तर सर्वांत मोठा शिक्का ऐका. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. कधीकाळी कुणा परग्रहवासीयाला ती सापडलीच, तर पृथ्वीवरची माणसे काय गात होती हे त्याला कळावे, म्हणून जगभरातल्या सत्तावीस रचना तिच्यावर कोरल्या आहेत. त्यांत भारताची एकच आहे, आणि ती आपल्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. हे आपण सगळ्यांनी वाचलेले असते, भाषणांत सांगितलेले असते. पण त्याच तबकडीवर केसरबाईंच्या सोबतीला कोण आहे, हे आपण सांगत नाही. लुई आर्मस्ट्राँग आहे. त्याने आपल्या ‘हॉट सेव्हन’ या सात जणांच्या छोट्या संचासह १९२७ साली वाजवलेले एक ब्लूज आहे. आणि ब्लाइंड विली जॉन्सन आहे. हा टेक्सासचा आंधळा माणूस, रस्त्यावर गिटार वाजवून गाणारा. १९४५ साली दारिद्र्यातच मेला. त्याचेही १९२७ सालचे एक गाणे तिथे आहे. त्याला शब्दच नाहीत. नुसता हुंकार आहे आणि तारेवरून ओढलेली मींड आहे. केसरबाईंना वाटेला लावून नंतर ते गाणे ऐका. मींड म्हणजे काय, हे दोघांना दोन वेगळ्या गुरूंनी शिकवले असेल. कळलेले दोघांना एकच आहे.

पहिले यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलेले व्हॉयेजर-१ नव्हे, तर २० ऑगस्टला सुटलेले व्हॉयेजर-२. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. म्हणजे त्या गेल्या तेव्हा त्यांचा आवाज पृथ्वी सोडून निघालेला होता, आणि आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून निघालेला होता. सूर्यमालेच्या बाहेर केरीची भैरवी आणि निग्रोंचे ब्लूज एका तबकडीवर नांदतात. आमच्या समितीला ते एका मांडवात चालले नाहीत. यावर आणखी काय बोलावे?

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि जास्त दुखरा. “ते आपले नव्हे, पलीकडच्यांचे.” पलीकडचे म्हणजे शापोरा नदीच्या पलीकडचे, म्हणजे ख्रिश्चन, रोमी लिपीतले, कोंकणीवाले. १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा या दोन्ही प्रसंगी पेडणे-डिचोलीच्या मराठी घरांना जे वाटले, ते मलाही वाटले होते. ते मी आज नाकारणार नाही. पण भाषेच्या भांडणातली रेघ संगीतावर ओढली, तर ती कुठून कुठे जाते ते पाहू या.

गोव्यातले जॅझवाले बहुतेक बार्देश-सासष्टीचे का, आणि पेडणे-डिचोलीचे का नाहीत? याला कारण रक्त नाही, इतिहास आहे. बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांकडे. तिथे चर्चला जोडलेल्या शाळांत पोरांना लहानपणापासून व्हायोलिन आणि सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकवली जाई. डिचोली आणि पेडणे हे अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे तर १७८८ साली, पोर्तुगीजांकडे गेलेले महाल, नव्या काबिजादी. इथे देवळे टिकली, कीर्तन टिकले, दशावतार टिकला, मराठी पोथी टिकली. त्यांच्या वाट्याला स्वरलिपी आली, आपल्या वाट्याला पखवाज. एकाच मातीच्या दोन वाट्या.

या दोन वाट्या पुढे कुठे भेटल्या? मुंबईच्या चित्रपटांच्या स्टुडिओत. संगीतकारांना राग माहीत असे, चाल सुचत असे. पण तीस-चाळीस वादकांना एकदम वाजवायला लावायचे, तर प्रत्येकाचा भाग कागदावर लिहून द्यावा लागतो. ते लिहिणारे आणि लिहिलेले वाचून वाजवणारे गोव्याचे ख्रिश्चन होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. या गोन्साल्विसांकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मध्ये गुरूचे नाव गाण्यात आले. आपण ते नाव विनोदी समजून गुणगुणलो. याच माणसाने १९५८ साली रागदारीवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे?

आता १९५१ चा ‘अलबेला’ घ्या. आमच्या पिढीच्या मराठी घरात त्याची गाणी तोंडपाठ नाहीत असा माणूस दाखवा. संगीत सी. रामचंद्रांचे, ते नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. आवाज लता मंगेशकरांचा. त्यांचे वडील मंगेशीचे. आणि ट्रम्पेट चिक चॉकलेटचा. हा अंतोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा; त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मंगेशी आणि हळदोणे यांच्यात एका सकाळची वाट आहे, मध्ये मांडवी आहे. ही वाट गोव्यात चालली गेली नाही, मुंबईत चालली गेली. आम्ही त्या गाण्यांवर लग्नांत नाचलो, आणि हळदोण्याच्या नातवंडांनी एक तास मागितला तेव्हा म्हणालो, हे पलीकडच्यांचे.

बरे, केवळ चित्रपटांतच नव्हे. नेवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर राग आणि जॅझ एकत्र आणून १९७० साली ‘राग रॉक’ ही ध्वनिमुद्रिका केली. मूळ गोंयकार असलेल्या आमान्सियु डिसिल्वा या गिटारवादकाने १९६९ साली लंडनमध्ये जो हॅरियट या जमेकन सॅक्सोफोनवादकाबरोबर ‘हम दोनो’ केली. मडगावचे ख्रिस पेरी आणि त्यांच्याबरोबर गाणाऱ्या लोर्ना यांनी कोंकणी गाण्याला जॅझचा असा पोषाख चढवला की तो उतरेना. आणि बेळगावच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. ठुमरीसाठी आपण ज्यांना मानतो त्या शोभा गुर्टू बेळगावात जन्मलेल्या. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबल्याचे ठेके घेऊन जॅझमध्ये गेले आणि १९८८ च्या त्यांच्या ‘उस्फ्रेट’ या जॅझ ध्वनिमुद्रिकेत खुद्द शोभाताई गायल्या आहेत. सीमाभागातली मराठी माउली आपल्या मुलाच्या जॅझमध्ये बसून गाते, तिला बाटल्यासारखे वाटत नाही. आणि आपण तिच्या नावाने समारोह भरवणारे लोक मांडवाच्या दाराशी सोवळे घेऊन उभे!

तिसरा आक्षेप शिकलेल्या माणसाचा, म्हणून त्याला जास्त जपून उत्तर दिले पाहिजे. लोककलेत भेसळ नको.

घुमट म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. मातीचे मडके, एका तोंडाला कातडे, दुसरे तोंड उघडे. एका हाताने कातड्यावर ठेका, दुसऱ्या हाताने उघड्या तोंडातली हवा कमी-जास्त करून त्याचा घुमारा चढवायचा-उतरवायचा. डिचोलीच्या कुंभारांची माती त्यासाठी नावाजलेली. चवथीला आपल्या घरी त्यावर आरत्या होतात, आणि त्या आरत्या मराठीत असतात. शिमग्याला त्यावर फाग, चंद्रावळ आणि खाणपद होते; शामेळ आणि कासाळे घेऊन सुवारी रंगते. आणि हेच घुमट सासष्टीच्या ख्रिश्चन घरात मांडो गाताना व्हायोलिनच्या शेजारी वाजते. म्हणजे घुमटाने पाश्चात्त्य वाद्याशी सोयरीक कधीच केली आहे. त्याने आपल्या समितीची परवानगी मागितली नव्हती, एवढेच.

कातड्याचेही असेच. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यापुढे ते चालेना, तेव्हा बकऱ्याचे आले. आवाज बदलला, म्हातारे हळहळले. पण घुमट मेले नाही. सरकारने २०१९ साली त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, तो या बदललेल्या कातड्यासह. आणि पेटी? ज्या हार्मोनियमशिवाय आपला दशावतार उभा राहत नाही, ती युरोपातून आलेली. तिला परकी ठरवून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे बाहेर ठेवले होते. त्या तीस वर्षांत आपल्या जत्रांतली एकही पेटी बंद पडली नाही. दिल्लीपेक्षा गावच्या दशावतारीला जास्त कळत होते.

दशावताराचेच पाहा. कथा ठरलेली, सोंगे ठरलेली. संवाद मात्र आयत्या वेळचे. राजाने एक वाक्य टाकायचे, संकासुराने ते झेलून उलटवायचे. जॅझ म्हणजे याहून दुसरे काय आहे? चाल ठरलेली, तिच्यातून जाण्याची वाट त्या रात्रीची. ब्लूजचा साचा तर आणखी ओळखीचा. चार-चार मात्रांचे बारा खंड. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. धालोच्या मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून काय करतात? एक रांग ओळ टाकते, दुसरी उचलते. ब्लूजचा गंधार ना धड कोमल ना धड शुद्ध, मधल्या फटीत घुटमळणारा. पाश्चात्त्य पियानोला तो नीट सापडत नाही, पण आपल्या जात्यावरच्या बाईला कधी अडला नाही. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात गुलामांच्या नातवंडांनी जे गाइले आणि पहाटे जात्यावर आपल्या आज्यांनी जे गाइले, त्यांत कष्टाचे नाते आहे.

तरीही भेसळीची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. भेसळ होतेच. पंचतारांकित हॉटेलात जेवणाच्या वेळी गळ्यात घुमट अडकवून उभी केलेली पोरे मी पाहिली आहेत. तयार यंत्राच्या ठेक्यावर फुगडीची ओळ चिकटवली की झाले ‘फ्युजन’, हेही ऐकले आहे. पण तिथे दोष मिसळण्याचा नाही, अर्धवट शिकण्याचा आहे. ज्याला सुवारी येत नाही आणि ब्लूजही येत नाही, त्याने दोन्ही एकत्र केले तर दोन्ही बिघडतील. ज्याला दोन्ही येतात त्याला अडवणे म्हणजे अर्धवटांना रान मोकळे करून देणे आहे.

आणि आम्ही ज्यांना अडवले त्यांच्या जागी कोण आले? २०२४ च्या डिसेंबरात सनबर्न हा यंत्रसंगीताचा अवाढव्य महोत्सव आपल्याच महालात, धारगळला भरला. लोकांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तरी तो झाला. मोपाच्या विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडू लागली आहेत. पेडण्याच्या जमिनीबरोबर पेडण्याचे कानही विकले जातील अशी ही वेळ आहे. त्या धडधडाटाला न्यायालयाचा कागद किती थोपवणार? त्याला थोपवते ती फक्त लोकांच्या कानाला लागलेली चांगल्याची सवय. चार माणसे, एक घुमट, ध्वनिक्षेपक नको म्हणणारी. ती सवय लावायला दाराशी आली होती. आम्ही त्यांना शुद्ध मराठीत घालवून दिले.

घालवून दिले म्हणजे काय झाले, ते सांगतो. गिटारवाल्याची मावशी आमच्याच वाड्यावर राहते. नकार मिळाला म्हणून ती पोरे तिच्या अंगणात वाजवायला बसली. वीसेक माणसे असतील. मी गेलो नाही. समितीचा चिटणीस कसा जाणार? आमच्या ओट्यावर अंधारात बसून राहिलो. पहिला तुकडा लांबला, गिटार जरा उतरलेली वाटली. मग घुमटाने अगदी संथ ठेका धरला, त्या मुलीने धालोतली एक चाल घेतली आणि सॅक्सोफोनने तिचा शेवट उचलून असा ओढला की माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. आई. ब्याऐंशी वर्षांची, पाय निकामी, मांडावर जाऊन पंधरा वर्षे झालेली. ती पलीकडच्या रांगेची ओळ म्हणत होती. तिकडून ओळ आली की इकडून ती उत्तर देत होती. तिकडे कुणाला ते ऐकूही गेले नसेल. थांबली तेव्हा मला म्हणाली, “हें आमचेंच मरे, धालांचें! तू हांगा कित्याक बसला?”

मला उत्तर देता आले नाही. आई त्यानंतर दोन वर्षांनी गेली. त्या ओळी मी लिहून घेतल्या नाहीत. लिहिणारा मीच होतो. पण मी तेव्हा नकारपत्रे लिहीत होतो.

वाचकहो, आपण घरात कोंकणी बोलतो आणि पोथी मराठीत वाचतो. बेळगावची माणसे बाजारात कन्नड आणि देवघरात मराठी. आपल्या तोंडात दोन भाषा सुखाने राहतात, आपण एका वाक्यात दोन वेळा उंबरठा ओलांडतो आणि कुणी त्याला भेसळ म्हटले तर चिडतो. मग कानाला एवढे सोवळे कशाला? ज्यांचे सगळे जगणेच दोन सुरांच्या मधल्या फटीतले आहे, त्यांनी तरी ब्लूजच्या गंधाराला परका म्हणू नये.

मी क्रांती मागत नाही. मांडावरचा विधी मांडावर, देवाचा मान देवाला. तिथे कुणी सॅक्सोफोन नेऊ म्हणत नाही. पण उत्सवाच्या सात रात्रींतला एक तास द्या. पणजीच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचे वर्ग एकाच छपराखाली भरतात. गावच्या वाचनालयातही महिन्यातून एकदा घुमटवाला आणि चर्चचा व्हायोलिनवाला एका सतरंजीवर बसायला हरकत नसावी. आणि ज्या घरात म्हातारी अजून धालो म्हणते, त्या घरातल्या शिकलेल्याने आज रात्री वही घेऊन तिच्याजवळ बसावे.

समितीवर आता मी नाही. पण अर्ज कुणालाही करता येतो. यंदा मी केला आहे: चार माणसे, एक तास, मानधन माझ्या निवृत्तिवेतनातून. अजून उत्तर आलेले नाही. नकार आलाच, तर एवढीच विनंती आहे की तो लिहिणाऱ्याने आधी आपल्या आईला विचारावे.